उपासना चालवायची पाळी पहिल्यांदा आली असेल तर

नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक दोन गावं सांभाळतात. महिन्यातले दोन रविवार ते दुसऱ्या गावी असतात, त्या दिवशी उपासना आमच्यापैकीच कुणीतरी चालवायची असते. सहा वर्षांपूर्वी ती पाळी माझ्यावर आली. मनात भक्ती होती, तयारी काहीच नव्हती. नऊला सुरू झालेली उपासना साडेबाराला संपली. साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत उठून सांगणं, कोण देणार हे ठरलेलं नव्हतं, म्हणून चौघे एकामागून एक उठले आणि त्यातल्या एका भावानेच पाऊण तास घेतला. प्रार्थनेच्या वेळी दोघे एकदमच मोठ्याने बोलू लागले. शेवटी आशीर्वादाला डोळे उघडून पाहिलं, तर दाराजवळच्या सतरंजीवरच्या बायका निघून गेल्या होत्या. घरी स्वयंपाक होता, गुरं तहानलेली होती. त्यांनी तरी किती थांबावं?

पाळकसाहेब परत आल्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "१ करिंथचा चौदावा अध्याय पुन्हा वाच, आणि दाराजवळ कोण बसतं ते बघ." १ करिंथ म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. त्यानंतर मी जे शिकलो ते या दोन गोष्टींतूनच. तुमच्यावर ही पाळी नव्यानं येत असेल तर माझ्यासारखी धांदल होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे. ज्यांच्या मंडळीत छापील उपासनाविधी आहे त्यांना क्रम ठरवण्याची चिंता नाही, पण वाचन, साक्ष, दान आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) यांबद्दलचं त्यांनीही जरूर वाचावं.

हाताशी काय हवं

- मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र. मोबाईलवरून वाचू नका, मध्येच फोन येतो.
- गीतांचं पुस्तक, आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद.
- मागच्या भिंतीवर एक घड्याळ, म्हणजे पुढे उभ्या असलेल्याला दिसतं आणि बसलेल्यांना मान वळवावी लागत नाही.
- दोन वह्या. एक उपासनेची, एक दानाची.
- दानाची थैली आणि कुलपाचा डबा.
- माईकचे जादा सेल आणि एक टॉर्च.
- जागा शाळेची किंवा समाजमंदिराची असेल तर परवानगीचा कागद. तो घरी ठेवू नका, सोबत बाळगा.

१. आधी अध्याय पूर्ण वाचा, एक ओळ उचलू नका

"देव गोंधळ माजवणारा नाही, तो शांतीचा देव आहे" या अर्थाचं ३३वं वचन सगळ्यांना पाठ असतं. मंडळीत कुणाला गप्प करायचं असलं की तेच काढलं जातं. पण त्याआधी २६वं वचन आहे. पौल म्हणतो, तुम्ही एकत्र जमता तेव्हा कुणाजवळ स्तोत्र असतं, कुणाजवळ शिकवण, कुणाजवळ प्रकटीकरण, कुणाजवळ अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने बोललेली, ऐकणाऱ्याला न कळणारी), कुणाजवळ तिचा अर्थ, आणि हे सगळं उन्नतीसाठी व्हावं. म्हणजे प्रत्येकाने काहीतरी घेऊन यावं हे तो गृहीतच धरतो. शिस्त कुणाचं तोंड बंद करण्यासाठी सांगितलेली नाही. प्रत्येकाचं म्हणणं सगळ्यांच्या कामी यावं म्हणून ती आहे.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते १६वं वचन. तू आत्म्याने उपकारस्तुती केलीस, पण ज्याला ती समजली नाही तो 'आमेन' कसा म्हणेल, असं पौल विचारतो. उपासनेचा कुठलाही निर्णय घ्यायचा असला की मी हाच प्रश्न धरतो. दाराजवळ बसलेल्या आक्कांना यावर आमेन म्हणता येईल का?

२. बुधवारपर्यंत माणसं ठरवा

रविवारी सकाळी "भाऊ, तुम्ही वाचता का?" असं विचारणं म्हणजे त्या भावावर आणि देवाच्या वचनावर दोघांवर अन्याय आहे. बुधवारी प्रार्थनासभा असेल तर तिथेच पाच जणांना गाठा: गीत सुरू करणारा, शास्त्र वाचणारे दोघे, मध्यस्थीची (इतरांसाठीची) प्रार्थना करणारा आणि दानाची थैली फिरवणारा. संदेश (प्रवचन) कोण देणार हे पाळकांनी किंवा वडील मंडळाने, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांनी, ठरवलेलं असतं, त्यांना फोन करून शास्त्रभाग विचारून घ्या.

चूक होते ती इथे. दर वेळी तेच चार जण. शिकलेले, पुढे बसणारे. माझीही यादी तशीच व्हायची. आता वहीत मागच्या दोन महिन्यांची नावं पाहतो आणि ज्यांचं नाव नाही त्यांच्या घरी जातो. शेतमजुरी करणारा एक भाऊ वाचायला तयार नव्हता. त्याला स्तोत्र १०० दिलं, पाचच वचनं. आठवडाभर तो बांधावर बसून वाचत होता. रविवारी त्याने वाचलं तेव्हा सभा इतकी शांत होती की पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

३. वेळ शेताकडे बघून ठरवा

आपल्याकडे उपासनेची वेळ घड्याळापेक्षा हंगाम ठरवतो. मे महिन्यात पत्र्याखाली अकरा वाजता माणसं बसवू नका, साडेसातला सुरू करा. कापूस वेचणीच्या दिवसांत रविवारीही लोक शेतात असतात, तेव्हा संध्याकाळ बरी. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे कुटुंबंच्या कुटुंबं जातात. ती निघण्याआधीच्या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना क्रमातच धरा, आयत्या वेळी सुचली तर करू असं ठेवू नका.

क्रम साधा ठेवा: प्रारंभीची प्रार्थना, दोन गीतं, पहिलं वाचन, पापकबुली आणि क्षमेचं वचन, साक्ष, गीत, दुसरं वाचन, संदेश, मध्यस्थीची प्रार्थना, दान, सूचना, आशीर्वाद. प्रत्येकापुढे मिनिटं लिहा. सगळं मिळून दीड तास पुरे होतो. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी दिल्या आहेत: प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना. तुमच्या कागदावर यातलं काही सुटलं नाही ना, तेवढं पाहा.

४. गीतं

दोन ओळखीची, फार तर एक नवं. नवं गीत शनिवारी तरुणांना शिकवा, म्हणजे रविवारी दहा गळे तरी तयार असतात. ढोलक आणि झांज असताना कॅसिओसाठी अडून बसू नका. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग आणि कीर्तनाचा साज चढवला तो यासाठीच, की मराठी माणसाने आपल्या चालीत प्रभूला आळवावं. आमच्याकडे भजनाच्या चालीवर टाळी आपोआप पडते, आणि वाचता न येणारी म्हातारीसुद्धा धृपद धरते.

साऊंड बॉक्सची तोंडं आत, माणसांकडे असू द्या, रस्त्याकडे नकोत. बाहेरचा माणूस आत आला तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही का, हा पौलाचा प्रश्न (१४:२३) अन्य भाषांबद्दलचा आहे, पण रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कानाचा विचार आपणही करायला हवा. नाताळच्या कार्यक्रमात आणि घरसभेत, सरकारने त्या दिवशी खास सूट दिलेली नसेल तर, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाऊडस्पीकर लावायचा नाही, हा कायदा आहे.

५. वाचन, आणि कुणाच्या भाषेत

इथे जरा थांबून लिहितो, कारण खान्देशात सगळ्यात जास्त गोंधळ याच जागी होतो आणि तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

आमच्या सभेत धुळे-साक्रीकडून आलेली अहिराणी बोलणारी माणसं आहेत, नवापूरकडची मावची बोलणारी आहेत, भिली आणि पावरी बोलणारी आहेत. नोकरीनिमित्त आलेली, शाळेतलं मराठी बोलणारीही आहेत. शास्त्र आपण पुस्तकी मराठीत वाचतो. मी रोमकरांस पत्राचा एक भाग मोठ्या तयारीने वाचला होता. उपासनेनंतर दाराजवळच्या आक्का म्हणाल्या, "दादा, वाचन गोड व्हतं, पन माले काहीच समजनं नही." त्यांनी तक्रार केली नव्हती. उलट त्यांना वाटत होतं की दोष त्यांचाच आहे.

त्या रात्री मी १४:११ वाचलं. भाषेचा अर्थ मला कळला नाही तर बोलणारा मला परका आणि मी त्याला परका. आणि १४:१९: मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बोलणं मला बरं वाटतं. पौल हे आत्म्याच्या दानाविषयी बोलतो आहे, हे खरं. पण ज्या कानाला पुस्तकी मराठी कळत नाही त्याला माझं वाचनही परक्या भाषेसारखंच होतं.

मग काय करायचं? नहेम्या ८ काढा. यरुशलेमच्या पाणवेशीसमोरच्या चौकात लोक जमले, एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला, त्याने ग्रंथ उघडताच सगळे उठून उभे राहिले. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन झालं. आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांमध्ये जाऊन अर्थ सांगत होते, म्हणून लोकांना समजलं. तीच पद्धत आम्ही लहान प्रमाणात घेतली:

- वाचनाआधी दोन वाक्यांत प्रसंग सांगा: कोण बोलतो, कुणाला.
- वाचन बारा-पंधरा वचनांपेक्षा लांबवू नका. प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्या.
- वाचन झाल्यावर एका बहिणीने किंवा भावाने तोच भाग अहिराणीत, आणि गरज असेल तर मावचीत, आपल्या शब्दांत सांगावा. तीन मिनिटं. उपदेश नाही, फक्त काय लिहिलं आहे ते.
- सांगणाऱ्याला शास्त्रभाग गुरुवारीच द्या, आणि शनिवारी एकदा ऐकून घ्या. अर्थ सांगताना आपल्या मनचं घालायची सवय पटकन लागते.

एक सावधगिरी. बोलीत सांगणं म्हणजे 'अडाण्यांसाठी' सोय, असा सूर चुकूनही लागू देऊ नका. जुन्या पश्चिम खान्देशात (आजच्या धुळे-नंदुरबारात) स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे परदेशी मिशनरी आले, त्यांनाही आधी इथली भाषाच शिकावी लागली होती.

पहिल्यांदा अहिराणीत उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली तेव्हा बाप धावत गेला त्या जागी आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. आमेन त्यांचंच सगळ्यात आधी आलं.

६. साक्ष, उत्स्फूर्त प्रार्थना, अन्य भाषा

गाडी रुळावरून उतरते ती इथे, म्हणून नियम आधीच सांगून ठेवा. साक्ष देणारे दोन, फार तर तीन. हा आकडा माझा नाही. अन्य भाषा बोलणाऱ्यांसाठी आणि संदेष्ट्यांसाठी पौलाने तोच दिला आहे (१४:२७, २९), आणि "पाळीपाळीने" असंही सांगितलं आहे. साक्ष देणाऱ्याला शनिवारी तीन गोष्टी विचारा: काय घडलं, देवाने काय केलं, ऐकणाऱ्याला त्यातून काय धीर मिळेल. चार मिनिटांत हे होतं. शेजाऱ्याचं, सुनेचं, भावकीचं नाव घ्यायचं नाही हेही सांगा.

कुणी थांबतच नसेल तर? गीत सुरू करून त्याचा आवाज बुडवू नका. मी एकदा तसं केलं आणि तो भाऊ तीन महिने आला नाही. शेजारी जाऊन उभे राहा, खांद्यावर हात ठेवा, "भाऊ, देवाने केलेल्या या उपकाराबद्दल आपण सगळे मिळून त्याचे आभार मानू या" म्हणा आणि त्याच्याच गोष्टीवरून प्रार्थना सुरू करा.

"आत्म्याने प्रेरणा दिली, मला थांबता येत नाही," असं कुणी म्हणालं तर १४:३२ दाखवा: संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. आणि १४:३०: बसलेल्या दुसऱ्या कुणाला काही प्रकट झालं तर पहिल्याने थांबावं. अन्य भाषेबद्दल मंडळ्यांची मतं वेगवेगळी आहेत. पण जिथे ती बोलली जाते तिथे क्रम स्पष्ट आहे. एका वेळी एकाने बोलावं, दोघे-तिघे पुरे, अर्थ सांगणारा हवा, तो नसेल तर मनातल्या मनात देवाशी बोलावं. मना करू नका, असंही त्याच अध्यायाच्या ३९व्या वचनात आहे, हे दुसऱ्या बाजूने विसरलं जातं.

इतरांनी पारख करावी, हे २९व्या वचनातलं काम उपासना चालवणाऱ्याचंही (चालकाचंही) आहे. एकदा एका साक्षीत "प्रार्थनेनंतर मी टीबीच्या गोळ्या बंद केल्या" असं आलं. सभा टाळ्या वाजवायला निघाली होती. अशा वेळी गप्प बसू नका. प्रेमाने, पण तिथेच सांगा की बरं करणारा देवच आहे, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत गोळ्या सोडायच्या नाहीत. पौलाच्या सोबत लूक होता, आणि कलस्सै ४:१४ त्याला वैद्यच म्हणतं.

स्त्रियांबद्दल. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, हे ३४वं वचन वाचून बहिणींना वाचनापासूनही दूर ठेवणारे भेटतात. त्यांना ११:५ वाचायला सांगा, तिथे याच पत्रात स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौलाने धरलेलंच आहे. शिवाय चौदाव्या अध्यायात गप्प राहायला तिघांना सांगितलं आहे: अर्थ सांगणारा नसलेल्याला, दुसऱ्याची पाळी आलेल्याला आणि स्त्रियांना. मूळ ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. पहिल्या दोघांना कायमचं गप्प केलेलं नाही, तर तिसऱ्यांना का करावं? आमच्या मंडळीत बहिणी वाचतात, अर्थ सांगतात, प्रार्थना चालवतात. तुमच्या मंडळीची रीत वेगळी असेल तर ती मोडायला पहिल्याच रविवारी उभे राहू नका, वडील मंडळासमोर हा अध्याय उघडून बसा.

७. संदेश

पाऊण तास ही वरची मर्यादा. त्रोवस इथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०:९). पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, मुलगा जिवंत घरी गेला. आठवडाभर राबलेला माणूस डुलकी घेतो तेव्हा माझ्या मनात हा प्रसंग येतो आणि त्याला कुणी टोचून उठवलं तर मला वाईट वाटतं. वेळ संपत आल्याची खूण वक्त्याशी आधीच ठरवा. आमच्याकडे चालक उभा राहतो, बस.

८. दान

पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना एकट्याने नेली नाही, तीतासोबत भाऊ दिले. कुणी दोष ठेवू नये म्हणून, आणि केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही चांगलं असावं म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). तेव्हा दान मोजायला दोघे हवेत, एका घरातले नकोत. मोजणी उपासनेनंतर लगेच, तिथेच. आकडा वहीत, दोघांच्या सह्या, महिन्याच्या शेवटी सभेत हिशेब वाचून दाखवायचा.

फोनवरून पैसे देण्याचा क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. पाळकांच्या किंवा खजिनदारांच्या खासगी खात्याचा कोड 'तात्पुरता' लावला जातो आणि वर्षभर तसाच राहतो. माणूस कितीही प्रामाणिक असो, संशय त्याच्याच दारात येतो.

९. प्रभुभोजन

भाकर मोडणं पाळकांचं काम, तयारी आपली. काळ्या मनुका शनिवारी रात्री भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात उकळून, कुस्करून, गाळून घ्या. उन्हाळ्यात रात्रीच रस करून ठेवला तर सकाळपर्यंत आंबतो. पेले मोजा आणि पाच जास्त ठेवा. पांढरं स्वच्छ कापड विसरू नका.

पण खरी तयारी १ करिंथ ११ ची. करिंथात कुणी आधीच जेवून मोकळा व्हायचा आणि कुणी उपाशी राहायचा. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल सुनावतो (११:२२), आणि शेवटी उपाय सांगतो तो अगदी साधा: एकमेकांसाठी थांबा (११:३३). आमच्याकडे शेतावरून येणारी चार कुटुंबं नेहमी उशिरा पोचायची. प्रभुभोजन उपासनेच्या सुरुवातीला असल्यामुळे त्यांचं चुकायचं आणि ती मागे उभी राहायची. आम्ही ते शेवटी घेतलं. एवढ्या एका बदलाने ती कुटुंबं पुन्हा मेजाजवळ आली.

आदल्या रविवारी सूचना द्या, म्हणजे लोकांना स्वतःची परीक्षा करायला (११:२८) आठवडा मिळतो. बांधावरून, पाण्यावरून भांडण असलेल्या दोन भावांना मी नावानिशी सभेत समेट करायला सांगत नाही. मत्तय ५:२३-२४ वाचतो आणि शनिवारी पाळकांना त्या दोघांकडे घेऊन जातो.

१०. बसण्याची जागा

याकोब २:२-३ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला "तू तिथे उभा राहा" हे लिहिलं आहे. सरपंच आले की खुर्चीवरच्या म्हाताऱ्या नानांना उठवलं जातं, तेच ते. खुर्च्या म्हाताऱ्यांना आणि गरोदर बहिणींना, बाकी सगळे सतरंजीवर, पाहुणेसुद्धा. नवा माणूस आला तर एकाने त्याच्याजवळ बसून गीताचं पान काढून द्यावं. त्याला पुढे बोलावून नाव विचारू नका. लहान मुलांना पुढे बसवा, रडणाऱ्या बाळाच्या आईकडे वळून पाहू नका.

११. त्याच दिवशी वही भरा

संध्याकाळच्या आत लिहा: सुरू कधी झालं, संपलं कधी, कोणी काय केलं, कोण आलं नाही. ज्याला थांबवावं लागलं त्याच्या घरी सोमवारी किंवा मंगळवारी जा, चहा घ्या, त्याचं राहिलेलं सगळं ऐका. जे आले नाहीत त्यांच्यापैकी एका घरी तरी फोन करा. आणि बुधवारी वही पुढच्या रविवारच्या चालकाच्या हातात द्या, त्याला पान उघडून दाखवा की आक्का या वेळी वाचन समजलं म्हणाल्या की नाही.